आवाज कुठे अडला?

“अरे, माझी स्क्रीन गेली,” असा मित्राचा फोन आला तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजले होते. हा मित्र जन्मापासून अंध आहे. लॅपटॉपची काच तडकली असती तर त्याचं काहीच अडलं नसतं. त्याची स्क्रीन म्हणजे तळाशी डावी-उजवीकडे बसवलेले दोन बोटभर स्पीकर. एनव्हीडीए नावाचा प्रोग्राम पडद्यावरचं अक्षर न् अक्षर त्याला वाचून दाखवतो. ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन या अंध तरुणाने तो २००६ मध्ये लिहायला घेतला, मग जेम्स टेह हा त्याचा अंध मित्र त्यात सामील झाला. प्रोग्राम मोफत आहे आणि मराठीही वाचतो. त्या रात्री मात्र तो गप्प होता.

मी एवढंच सांगितलं, “शेजारून वायरवाला इअरफोन आण आणि लाव.” पाच मिनिटांनी फोन आला, “बोलतोय!”

बंद पडलेल्या आवाजाची याहून मोलाची परीक्षा मला माहीत नाही. ती एवढी का सांगते, हे कळायला आवाज कुठून कुठे जातो ते बघावं लागेल. गाणं असो की एनव्हीडीएचं वाचन, संगणकाच्या लेखी ते आकडे असतात, सहसा सेकंदाला ४८,०००. प्रोग्राम ते आकडे विंडोजच्या हवाली करतो, विंडोज ड्रायव्हरकडे देतो, ड्रायव्हर कोडेक नावाच्या चिपकडे. पुष्कळ लॅपटॉपमध्ये ही चिप रिअलटेकची असते, तिच्यावर खेकड्याचं चिन्ह दिसतं. कोडेक आकड्यांची वीज करतो आणि इथे वाट फुटते. एक फाटा इअरफोनच्या भोकाकडे, दुसरा अँप्लिफायरमधून स्पीकरकडे. इअरफोन बोलला, म्हणजे फाट्यापर्यंतचा रस्ता शाबूत. दोष राहिला शेवटच्या वीतभर अंतरात. इअरफोनही मुका असता तर आधी ड्रायव्हर बघायचा. पण तो बोलत असताना कुणी विंडोज पुसून नव्याने टाकायला निघालं, तर त्याला थांबवा.

दुसऱ्या दिवशी मित्र घराजवळच्या एका दुकानात गेला. तिथे न उघडताच निदान झालं, “बोर्ड गेला,” आणि साडेआठ हजारांचा आकडा सांगितला गेला. त्याला इअरफोनवर भागवता आलं असतं, असं डोळस माणसाला वाटेल. पण दारावरची थाप, गॅसवरचं दूध, खोलीत शिरलेलं माणूस, हे सगळं तो कानांनीच बघतो. दिवसभर दोन्ही कान बुजवून बसणं त्याला परवडत नाही. म्हणून आम्ही पुण्याच्या बुधवार पेठेत तपकीर गल्लीतल्या एका जुन्या कारागीर काकांकडे गेलो.

काकांनी स्क्रूड्रायव्हर उचललाच नाही. आधी सेटिंग्जमध्ये आउटपुट कुठे जातंय ते पाहिलं, कारण ‘मेलेले’ म्हणून येणारे बरेच स्पीकर धडधाकट असतात. टीव्हीला एचडीएमआय केबल जोडलेली असते आणि आवाज तिकडे वळलेला असतो. ब्लूटूथची बोंडं आतल्या खोलीत, कपड्यांच्या ढिगात वाजत असतात. ब्राउझरचा टॅब म्यूट असतो. अपडेटनंतर कंपनीच्या ड्रायव्हरच्या जागी विंडोजचा साधा ड्रायव्हर येऊन बसतो, तेव्हा कंपनीच्या साइटवरून मूळचा पुन्हा टाकावा लागतो. लिनक्सवाल्यांनी अल्सामिक्सर उघडावा, स्पीकरच्या पट्टीखाली ‘एमएम’ दिसलं की एम दाबायचं. आमच्याकडे यातलं काही नव्हतं. विंडोजच्या मिक्सरमधली हिरवी पट्टी बोलण्याच्या तालात वरखाली होत होती. आवाज निघत होता, पोचत नव्हता.

मग काकांनी इअरफोनची पिन दहा-बारा वेळा घातली-काढली. त्या भोकात एक बारीक स्प्रिंगची पट्टी असते. पिन शिरली की ती दबते, कोडेकला खबर जाते आणि स्पीकर बंद होतात. पट्टी वाकलेली राहिली किंवा धाग्याचा पुंजका अडकला, तर पिन काढली तरी संगणकाला इअरफोन लागलेलाच वाटतो. कित्येक लॅपटॉप एवढ्यानेच बोलू लागतात. आत सुई मात्र खुपसू नये, पट्टी कायमची जाते. आमचा लॅपटॉप तरीही गप्पच होता.

“आता उघडू,” काका म्हणाले. लॅपटॉप बंद करून झाकण काढलं, पहिल्यांदा बॅटरीची जोडणी सोडवली. मी मित्राचा हात धरून स्पीकरवर ठेवला. काळ्या प्लॅस्टिकची चपटी डबी, आत बोटाच्या पेराएवढा पातळ पडदा, पडद्याला चिकटलेली केसासारख्या तारेची कॉइल आणि तिच्या शेजारी निओडिमियमचा चुंबक. सुटलेला एक स्क्रू टुणकन जाऊन त्या चुंबकाला चिकटला, तो मित्राने बोटांनी ओढून काढला. तारेतून वीज गेली की कॉइल चुंबकाच्या ओढीने पुढे-मागे होते आणि पडदा हवा ढकलतो. जनरल इलेक्ट्रिकच्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ मध्ये ज्या स्पीकरची मांडणी जगापुढे ठेवली, तोच हा. गणपतीच्या मांडवातल्या भिंतीएवढ्या स्पीकरचंही तत्त्व हेच.

संगणकात स्पीकर आला तो गाण्यांसाठी नव्हे. १९८१ च्या आयबीएम पीसीमध्ये सव्वादोन इंचाचा एक स्पीकर होता. मशीन सुरू होताना स्वतःला तपासायचं आणि सगळं ठीक असेल तर एकदा ‘बीप’ करायचं. बिघाड असेल तर वेगळ्या तालात. म्हणजे पडदा उजळण्याआधी दुखणं सांगणारं ते तोंड होतं. १९८९ मध्ये सिंगापूरच्या क्रिएटिव्हचं साउंड ब्लास्टर कार्ड आलं आणि पीसी गाऊ लागला. पुढे ते कार्ड आक्रसत बोर्डावरच्या एका चिपमध्ये मावलं.

काकांनी मल्टिमीटर ओहमवर लावून टोकं स्पीकरच्या तारांना टेकवली. आकडा आला ४ च्या जवळ आणि त्याच क्षणी स्पीकरमधून ‘टिक्’ असा अगदी बारीक आवाज आला. मीटरच्या इवल्याशा विजेनेही पडदा हलतो. “जिवंत आहे,” काकांच्या आधी मित्रच म्हणाला. दुसराही टिकटिकला. कॉइल उडाली असती तर आवाज आला नसता आणि मीटरने तार तुटल्याचं दाखवलं असतं.

दोन्ही स्पीकर चांगले आणि दोन्ही एकदम गप्प, तेव्हा काकांची नजर दोघांच्या सामाईक जागेवर गेली. चारही तारा बॅटरीच्या कडेने येऊन बोर्डावर एकाच चार पिनांच्या कनेक्टरमध्ये शिरतात. तो कनेक्टर तिरका बसला होता, अर्धा आत, अर्धा बाहेर. महिन्यापूर्वी मित्राने दुसरीकडून बॅटरी बदलून घेतली होती, तेव्हा तारा बाजूला करताना तो ओढला गेला आणि पुढे पिशवीतल्या धक्क्यांनी सुटत गेला. काकांनी तो नखाने दाबून बसवला. बॅटरी जोडली, बटण दाबलं. एनव्हीडीए बोलला आणि मित्राने त्याचा वेग नेहमीसारखा इतका वाढवला की मला एक शब्द कळेना.

काकांनी दीडशे रुपये घेतले. मी म्हणेन ते कमीच होते, कारण त्यांनी पैसे कनेक्टर दाबायचे घेतले होते, कुठे दाबायचा हे ओळखण्याचे नव्हेत.

लॅपटॉप डेलचा असेल तर सुरू करताना एफ१२, एचपीचा असेल तर एफ२ दाबून कंपनीचीच तपासणी चालवता येते. तिथे स्पीकर वाजला तर दोष विंडोजमध्ये आहे, पैसे खर्चू नका. घरी अंध माणूस असेल तर एक वायरवाला इअरफोन त्याच्या खणात कायम असू द्या. आणि बॅटरी, कीबोर्ड, काहीही बदलून घेतलं, तरी दुकानाची पायरी उतरण्याआधी तिथेच उभं राहून एक गाणं वाजवून बघा. डावा वाजतोय का, उजवा वाजतोय का, दोन्हीकडे कान लावून.