सुटका केलेले तारांकित कासव: ओळख, मंदावलेली भूक आणि काळजी

तारांकित कासव (शास्त्रीय नाव: जिओचेलोनी एलेगन्स) ही भारतीय उपखंडातील भूचर कासवांची एक प्रजाती आहे. 'स्टार कासव' व 'चांदणी कासव' या नावांनीही ते ओळखले जाते. त्याचे नैसर्गिक वसतिस्थान तीन भूभागांत विभागलेले आहे: वायव्येस गुजरात, राजस्थान व लगतचा सिंध, दक्षिणेस आंध्र प्रदेश, तमिळनाडू व कर्नाटक, आणि श्रीलंका. पाठीवरील नक्षीमुळे आणि घरात कासव असल्यास भरभराट होते या समजुतीमुळे त्याची मोठ्या प्रमाणावर तस्करी होते. तस्करांकडून सोडवलेली किंवा पाळणाऱ्यांनी टाकून दिलेली कासवे पुष्कळदा अन्नाला तोंड लावत नाहीत. ही अन्नविमुखता हा स्वतंत्र रोग नव्हे. थंडी, शरीरातील पाण्याची कमतरता, अयोग्य आहार किंवा अंतर्गत आजार यांचे ते लक्षण होय. त्यामुळे ऊब आणि पाणी यांची सोय आधी करावी लागते. अन्नाचा क्रम त्यानंतरचा.

ओळख

सापडलेले कासव जमिनीवरचे की पाण्यातले, हे सर्वप्रथम ठरवावे लागते. तारांकित कासव पोहणारे नाही. टबात किंवा टाकीत खोल पाण्यात ठेवल्यास ते बुडून मरते. त्याचे पाय हत्तीच्या पायांप्रमाणे खांबासारखे असतात, बोटांमध्ये पडदे नसतात आणि कवच घुमटाकार व कठीण असते. पाठीवरील प्रत्येक शल्काच्या मध्याशी पिवळा ठिपका असून त्यातून काळ्या किंवा गडद तपकिरी पृष्ठभागावर पिवळे किरण पसरलेले दिसतात. पोटाकडील कवचावरही असेच किरण असतात. म्यानमारमधील तारांकित कासवाच्या पोटावर किरणांऐवजी गडद डाग असतात. दोहोंतील फरक त्यावरून ओळखता येतो. अंड्यातून नुकत्याच बाहेर आलेल्या पिलांची नक्षी पूर्ण उमटलेली नसते. मादी नरापेक्षा मोठी असते, तर नराची शेपटी अधिक लांब असते. पाठीवरील शल्कांचे उंचवटे या प्रजातीत काही प्रमाणात नैसर्गिकच असतात. ते दिसले म्हणजे कुपोषण झाले, असा निष्कर्ष लगेच काढू नये.

महाराष्ट्रातील तळ्यांत आढळणारे चामड्यासारख्या मऊ कवचाचे कासव आणि दुकानांत विकले जाणारे, डोळ्यामागे लाल पट्टा असलेले परदेशी 'रेड इअर्ड स्लायडर' ही पाण्यातील कासवे आहेत. पुढील माहिती त्यांना लागू होत नाही.

भूक मंदावण्याची कारणे

कासव शीतरक्ती प्राणी असल्याने त्याचे पचन बाहेरील तापमानावर अवलंबून असते. आतड्यांतील सूक्ष्मजीव चारा आंबवतात व त्यातून पोषण मिळते. शरीर थंड पडल्यास ही क्रिया मंदावते आणि भूकही लागत नाही. हिवाळ्यातील पुण्या-नाशिकच्या रात्री, त्यात फरशीचा गारवा, एवढे कारणही पुरेसे असते. निसर्गात हे कासव पावसाळ्यात सर्वाधिक क्रियाशील असते व कडक उन्हाळ्यात किंवा थंडीत काहीसे सुस्तावते. मात्र थंड प्रदेशांतील काही कासवांप्रमाणे ते खरी शीतनिद्रा घेत नाही. 'झोपले असेल' म्हणून आजारी कासव कोपऱ्यात पडू देणे म्हणूनच धोक्याचे ठरते.

पाण्याची कमतरता हे दुसरे मोठे कारण आहे. तस्करीत कासवांना चिकटपट्टीने गुंडाळून दिवसेंदिवस पेट्यांत कोंबलेले असते. अशा कासवाचे डोळे खोल गेलेले असतात. मूत्राबरोबर पडणारा युरिक आम्लाचा पांढरा, एरवी मलईसारखा मऊ पदार्थ वाळूसारखा खरखरीत होतो. पुढे मूत्रपिंडे निकामी होण्याचा किंवा मूतखडा होण्याचा संभव असतो. याशिवाय जंत, तोंडातील जखमा, श्वसनसंसर्ग आणि मादीच्या पोटात अडकलेली अंडी यांमुळेही खाणे थांबते. नाकातून स्राव, तोंड उघडे ठेवून श्वास घेणे, सुजलेल्या पापण्या किंवा मऊ पडलेले कवच यांपैकी काहीही दिसल्यास वाट न पाहता पशुवैद्याकडे न्यावे.

प्राथमिक काळजी

कासव वन विभागाच्या ताब्यात जाईपर्यंत त्यास शांत, कोरड्या व उबदार जागी ठेवावे. दिवसा सुमारे २८ ते ३२ अंश सेल्सिअस तापमान मानवते. कोवळे ऊन उपयुक्त असते, परंतु लगतच सावलीही हवी. खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हात कॅल्शियमच्या शोषणासाठी आवश्यक असलेले अतिनील-बी किरण जवळजवळ नसतात, आणि काचेची पेटी उन्हात ठेवल्यास आतील कासव होरपळते. दररोज १५ ते २० मिनिटे हनुवटीखाली राहील इतक्या उथळ, कोमट पाण्यात त्यास बसवावे. ते स्वतःच पाणी पिते. तोंडात पाणी ओतल्यास ते श्वासनलिकेत जाऊ शकते.

त्यानंतर हरळी व इतर गवत, तुतीचा पाला, काटे काढलेला फड्या निवडुंग, जास्वंदाची पाने व फुले ठेवावीत. लाल-पिवळ्या रंगांकडे कासवे आकर्षित होतात, म्हणून न खाणाऱ्या कासवापुढे जास्वंदाचे फूल ठेवून पाहणे सोपे असते. दूध, पोळी, भात, बिस्किटे आणि कुत्र्या-मांजरांचे खाद्य देऊ नये. नुसती काकडी व टोमॅटो खाऊन पोट भरते, पोषण होत नाही. पालकातील ऑक्झलेटमुळे कॅल्शियमचे शोषण अडते. उपाशी व थंड पडलेल्या कासवास बळजबरीने भरवणे घातक असते.

जागा बदलल्याने काही दिवस खाणे बंद राहणे असामान्य नाही. यासाठी दर दोन-तीन दिवसांनी वजनाची नोंद ठेवावी. ऊब आणि पाणी मिळूनही आठवडाभरात खाणे सुरू न झाल्यास किंवा वजन सतत घटत राहिल्यास विष्ठेची तपासणी व उपचार आवश्यक ठरतात. गुराढोरांना व कुत्र्यांना जंतांसाठी सर्रास दिले जाणारे आयव्हरमेक्टिन हे औषध कासवांना विषारी असून त्याने मृत्यू ओढवतो.

कायदा व पुनर्वसन

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील २०२२ च्या दुरुस्तीनंतर ही प्रजाती पहिल्या अनुसूचीत आहे. २०१९ मध्ये 'साइट्स' या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात तिचा समावेश होऊन रानातून पकडलेल्या कासवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आली. हे कासव घरी पाळणे गुन्हा आहे. कुणी दिले, विकत घेतले की सापडले, याने त्यात फरक पडत नाही. महाराष्ट्रात वन विभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर कळवता येते.

बरे वाटताच जवळच्या टेकडीवर नेऊन सोडणे अयोग्य आहे. बंदिवासात जडलेले श्वसनसंसर्ग रानातील कासवांत पसरू शकतात. तसेच वायव्येकडील व दक्षिणेकडील समूह जनुकीयदृष्ट्या भिन्न असल्याने कासव मूळचे कोठले, हे तपासल्यावरच त्याच्या मुक्ततेची जागा ठरवणे इष्ट असते. तस्करीतून आलेल्या कासवांबाबत ते पुष्कळदा ठरवता येत नाही, आणि अशी कासवे दीर्घकाळ बचाव केंद्रांतच राहतात.