विकिपीडियावरील पहिला लेख : परत का येतो आणि कसा स्वीकारला जातो

विकिपीडिया या ऑनलाइन ज्ञानकोशासाठी प्रथमच लेखणी उचलणाऱ्या अनेकांचा अनुभव जवळजवळ सारखाच असतो. आपले गाव, आपली शाळा किंवा आपल्या भागातील एखादी कर्तृत्ववान व्यक्ती यांच्यावर मोठ्या उमेदीने लेख लिहिला जातो. कित्येक आठवडे वाट पाहिल्यावर लेखाच्या माथ्यावर सूचना झळकते, की सादर केलेला लेख स्वीकारता येत नाही. कारणे तांत्रिक शब्दांत दिलेली असतात. ती नीट न उमगल्याने लेखकाची समजूत होते, की आपल्या विषयाची थोरवीच नाकारण्यात आली. तो खट्टू होतो आणि पुन्हा त्या वाटेला जात नाही. नुकसान मात्र दोहोंकडून होते. ज्ञानकोश एका जाणकार लेखकाला मुकतो आणि ज्या विषयाची नोंद व्हायला हवी होती, तो विषय अंधारातच राहतो.

आमच्या परिचयातील काही होतकरू लेखकांचे असे परत आलेले मसुदे आम्ही वाचले आहेत. बहुतेकांत विषय चांगला होता, भाषाही चांगली होती. उणीव होती ती पुराव्याची. म्हणून प्रस्तुत लेखात एक गोष्ट आम्ही आग्रहाने सांगू इच्छितो. परीक्षक विषयाची योग्यता तोलत नसतो. त्याच्यासमोर ठेवलेला पुरावा तो तोलत असतो. हा भेद ध्यानी आला, की लेख परत येण्याचे दुःख कमी होते आणि तो स्वीकारला जाण्याची वाटही दिसू लागते.

एक बोलके उदाहरण

कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाच्या भौतिकशास्त्रज्ञ डॉ. डोना स्ट्रिकलंड यांच्याविषयीचा एक मसुदा २०१८ साली इंग्रजी विकिपीडियाकडे आला होता. मे महिन्यात परीक्षकाने तो परत पाठवला. दिलेल्या संदर्भांवरून हा विषय ज्ञानकोशाच्या निकषांत बसत असल्याचे दिसत नाही, अशा आशयाचा शेरा त्यावर होता. पुढे २ ऑक्टोबर २०१८ रोजी डॉ. स्ट्रिकलंड यांना जेरार मुरू आणि आर्थर अ‍ॅश्किन यांच्यासमवेत भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले. १९०३ साली मेरी क्युरी व १९६३ साली मारिया गोपर्ट-मायर यांच्यानंतर हा मान मिळवणाऱ्या त्या तिसऱ्या महिला ठरल्या. पारितोषिक जाहीर झाले, तेव्हा त्यांच्यावर इंग्रजी विकिपीडियात लेख नव्हता. साहजिकच जगभरातून टीका झाली.

त्या टीकेत तथ्य होते. डॉ. स्ट्रिकलंड २०१३ साली ऑप्टिकल सोसायटी या नामवंत वैज्ञानिक संस्थेच्या अध्यक्षा होत्या आणि इंग्रजी विकिपीडियावर प्राध्यापक-संशोधकांसाठी असलेल्या स्वतंत्र निकषांत अशा पदाला वजन आहे. परीक्षकही चुकू शकतो, हे येथे मान्य केले पाहिजे. परंतु नवोदित लेखकाने यातून घ्यायचा धडा निराळा आहे. ज्या संशोधनाबद्दल नोबेल मिळाले, ते १९८५ सालीच प्रसिद्ध झाले होते. योग्यता तेहतीस वर्षे जगासमोर होती; परीक्षकाच्या हाती आलेल्या कागदावर ती पुरेशी सिद्ध झाली नव्हती. नोबेल विजेत्या शास्त्रज्ञाच्या बाबतीत जे घडले, ते आपल्या गावच्या शाळेच्या बाबतीत घडले तर त्याचे आश्चर्य वाटू नये.

पुराव्याचा एवढा आग्रह का?

ज्ञानकोशाची परंपरा मराठीला नवी नाही. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी १९२० च्या दशकात महाराष्ट्रीय ज्ञानकोश सिद्ध केला. पुढे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली मराठी विश्वकोश साकार होऊ लागला. अशा कोशांत कोणती नोंद कोणी लिहावी, हे संपादक मंडळ ठरवते. लेखकाची विद्वत्ता हीच तेथे मजकुराची हमी असते.

१५ जानेवारी २००१ रोजी सुरू झालेल्या विकिपीडियाने ही पद्धत बाजूला ठेवली. तेथे कोणीही लिहू शकतो. लिहिणारा प्राध्यापक आहे की शाळकरी मुलगा, हे वाचकाला कळण्याचा मार्ग नाही. म्हणून लेखकाच्या अधिकाराची जागा संदर्भाने घेतली. ‘हे मला ठाऊक आहे’ असे म्हणून तेथे भागत नाही. ‘हे अमुक ग्रंथाच्या अमुक पृष्ठावर आहे’ असे दाखवावे लागते.

हा आग्रह ढिला पडला तर काय होते, याचा अनुभव २००५ साली आला. अमेरिकेतील ज्येष्ठ पत्रकार जॉन सीगेनथॉलर यांच्या चरित्रात कोणीतरी धादांत खोटा मजकूर घातला. केनेडी बंधूंच्या हत्यांशी त्यांचे नाव जोडणारा तो मजकूर चार महिन्यांहून अधिक काळ तसाच राहिला. त्यानंतर डिसेंबर २००५ मध्ये इंग्रजी विकिपीडियाने नोंदणी न करणाऱ्यांना नवे लेख सुरू करण्यास मनाई केली. परीक्षणाची कडक शिस्त ही एका निरपराध माणसाच्या बदनामीतून आलेली आहे, हे विसरता येणार नाही.

संदर्भ पारखण्याचे तीन प्रश्न

ज्ञानकोशात स्थान मिळण्याच्या पात्रतेला विकिपीडियाच्या परिभाषेत उल्लेखनीयता म्हणतात. विश्वासार्ह आणि स्वतंत्र स्रोतांनी विषयाची सविस्तर दखल घेतलेली असणे, हे तिचे सर्वसाधारण सूत्र आहे. त्यामुळे प्रत्येक संदर्भाला तीन प्रश्न विचारावेत. तो जबाबदार संपादनाखाली प्रसिद्ध झालेला आहे का? तो विषयाशी हितसंबंध नसलेल्या लेखकाचा आहे का? त्यात विषयाची ओझरत्या उल्लेखापलीकडे माहिती आहे का?

समजा, शंभर वर्षे पूर्ण केलेल्या एका शाळेवर लेख लिहायचा आहे. शाळेची शताब्दी स्मरणिका, शाळेचे संकेतस्थळ, मुख्याध्यापकांची मुलाखत ही सारी शाळेचीच वाणी झाली. स्थापनेचे वर्ष किंवा इमारतीची माहिती यांसाठी ती चालते. मात्र बाहेरच्या जगाने शाळेची दखल घेतली, हे तिने सिद्ध होत नाही. वृत्तपत्राने जसेच्या तसे छापलेले प्रसिद्धीपत्रकही त्याच पंक्तीत बसते. निकालाच्या यादीत शाळेचे नाव आले, तर तो झाला नुसता उल्लेख. याउलट, वार्ताहराने स्वतः माहिती घेऊन लिहिलेला सविस्तर वृत्तान्त, शिक्षणाच्या इतिहासावरील अभ्यासकाचा ग्रंथ किंवा जिल्हा गॅझेटियरमधील वर्णन हे बाहेरचे साक्षीदार होत. उदाहरणार्थ, ठाणे जिल्ह्याचे जुने गॅझेटियर १८८२ साली प्रसिद्ध झाले आणि त्यात वसई, आगाशी यांसारख्या स्थळांची माहिती आहे. आपल्या भागाच्या इतिहासावर लिहिणाऱ्याने तेथून प्रारंभ करण्यास हरकत नाही.

व्यक्तींनाही हीच कसोटी लागू पडते. दिवंगत फादर फ्रान्सिस दिब्रिटो जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव येथे भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. त्या निवडीची दखल महाराष्ट्रातील वृत्तपत्रांनी घेतली, म्हणून त्यांच्याविषयी स्वतंत्र संदर्भ मिळणे सोपे आहे. आयुष्यभर निष्ठेने शिकवणाऱ्या एखाद्या शिक्षिकेबद्दल मात्र एकही छापील ओळ नसेल. तिचे कार्य म्हणून लहान ठरत नाही. तिची जागा तूर्त स्मरणिकेत किंवा स्थानिक इतिहासाच्या पुस्तकात आहे, इतकाच त्याचा अर्थ.

किती संदर्भ हवेत, असे आम्हाला नेहमी विचारले जाते. नियमात ठरावीक आकडा नाही. परंतु तिन्ही प्रश्नांना उतरणारे तीन उत्तम संदर्भ वीस किरकोळ संदर्भांपेक्षा अधिक उपयोगी पडतात. ते हाती आल्याशिवाय लिहिण्यास बसूच नये, असा आमचा सल्ला आहे.

लेखनाची भाषा

आपल्याकडील गौरव अंकांची एक ठरलेली भाषा असते. ‘सेवेचा अखंड तेवणारा नंदादीप’, ‘हजारोंच्या हृदयात अढळ स्थान मिळवलेले व्यक्तिमत्त्व’ अशी वाक्ये त्या प्रसंगी शोभून दिसतात. ज्ञानकोशात ती टिकत नाहीत, कारण ती पडताळता येत नाहीत. त्याऐवजी, अमुक वर्षी वाचनालय सुरू केले, अमुक वर्षे संस्थेचे अध्यक्षपद भूषवले, असे न लिहिता ‘अध्यक्ष होते’ एवढेच लिहावे. ‘भूषवले’ या शब्दातही थोडी स्तुती दडलेली असते. आदरणीय, थोर, सुप्रसिद्ध ही विशेषणे गाळावीत. प्रत्येक महत्त्वाच्या विधानापाशी त्याचा संदर्भ द्यावा. हयात व्यक्तींविषयी लिहिताना तर हा नियम काटेकोरपणे पाळला जातो.

मजकूर कोठूनही उतरवून घेऊ नये. स्मरणिकेतील लेख आपणच लिहिलेला असला, तरी प्रताधिकार मुक्त केल्याचे रीतसर नोंदवल्याखेरीज तो विकिपीडियावर चालत नाही. छायाचित्रांचेही तसेच. अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांकडून लेख लिहून घेण्याचा मोह होतो. अशी साधने अस्तित्वात नसलेले ग्रंथ संदर्भ म्हणून देतात, असे वारंवार आढळले आहे. न तपासता सादर केलेला असा मजकूर चर्चेविना तत्काळ काढून टाकण्याची तरतूद इंग्रजी विकिपीडियाने ऑगस्ट २०२५ मध्ये केली.

स्वतःवर, नातलगांवर किंवा आपण चालवत असलेल्या संस्थेवर लिहिणे शक्यतो टाळावे. लिहायचेच असेल, तर आपला संबंध उघडपणे नोंदवावा. मोबदला घेऊन लिहिणाऱ्याने तसे जाहीर करणे बंधनकारक आहे.

सादर करण्याची रीत

प्रथम सदस्य खाते उघडावे. लगेच नवा लेख हाती न घेता काही दिवस जुन्या लेखांतील चुका सुधाराव्यात, संदर्भ जोडावेत. इंग्रजी विकिपीडियावर खाते किमान ४ दिवसांचे होऊन १० संपादने झाल्याशिवाय नवा लेख थेट प्रसिद्ध करता येत नाही. त्यानंतरही नवोदितांनी मसुदा तयार करून परीक्षणासाठी पाठवणेच श्रेयस्कर. परीक्षक हे विनावेतन काम करणारे स्वयंसेवक असतात. मसुदे क्रमवारीने तपासले जातातच असे नाही, त्यामुळे काही आठवडे, प्रसंगी काही महिनेही लागू शकतात.

मसुदा परत आला, तर शेरा शांतपणे वाचावा. बहुतेक वेळा तो सुधारणेसाठी परत पाठवलेला असतो आणि दुरुस्ती करून पुन्हा सादर करता येतो. विषयच कोशात बसण्याजोगा नाही असे ठरवून फेटाळलेला मसुदा हा निराळा प्रकार होय. तेथे दुसरा विषय निवडणे शहाणपणाचे. काहीही न बदलता पुन्हा पुन्हा सादर करू नये. शेरा समजला नाही, तर परीक्षकाच्या चर्चापानावर नम्रपणे विचारावे. बहुतेक परीक्षक उत्तर देतात. सहा महिने हात न लावलेला मसुदा काढून टाकला जातो, परंतु विनंती केल्यास तो सहसा परत मिळतो.

येथे एक सावधगिरीची सूचना. लेख परत आल्यावर एखादा अनोळखी इसम संपर्क साधून ‘पैसे द्या, लेख मंजूर करून देतो’ असे म्हणाला, तर त्याला एक रुपयाही देऊ नये. अशा एका टोळीचा छडा २०१५ साली लागला आणि इंग्रजी विकिपीडियाने ३८१ खाती बंद केली. परत पाठवलेले मसुदे हेरून त्यांच्याशी संबंधित लोकांकडे ही टोळी पैसे मागत असे. विकिपीडियावर लेख स्वीकारण्यासाठी कोणतेही शुल्क नसते.

मराठीतून प्रारंभ

मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून सुरू आहे. तेथे धूळपाटीवर सराव करून लेख लिहिता येतो. प्रत्येक भाषेतील विकिपीडियाचे नियम स्वतंत्र असल्याने एका भाषेत स्वीकारलेला लेख दुसरीकडे स्वीकारला जाईलच असे नाही. इंग्रजीच्या तुलनेत येथील वाट सुलभ असली, तरी संदर्भहीन वा स्तुतिपर लेख प्रचालक काढून टाकू शकतात. म्हणून पुराव्याची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी जुन्या वृत्तपत्रांची कात्रणे ट्रंकेत जपून ठेवलेली आहेत. कित्येकांवर वृत्तपत्राचे नाव नाही, दिनांक नाही. कात्री चालवताना तेवढेच नेमके कापले गेलेले असते. ज्यांना तो दिनांक अजून आठवतो, अशी वडीलधारी माणसे घरात असतील, तर त्यांच्याजवळ बसून तो आजच कात्रणामागे लिहून ठेवावा, ग्रंथालयात जाऊन पडताळून पाहावा. लेख पुढच्या वर्षी लिहिला तरी चालेल. साक्षीदार मात्र आजच शोधून ठेवला पाहिजे.