वीतभर मागे

जुन्या मोटारसायकलीवर मागे सरकवलेले नवे फूटरेस्ट बसवणे हा वरवर पाहता दोन पट्ट्या, चार बोल्ट आणि एका दुपारचा मामला वाटतो. परंतु स्वाराच्या पायाची जागा वीतभर मागे आणि चार बोटे वर नेली की गिअर, ब्रेक, किक, पाठीचा कणा आणि वळणावरचा तोल या सर्वांचे परस्परसंबंध नव्याने ठरवावे लागतात, आणि ज्याने हा हिशेब पुरा केला नाही त्याची हौस, गाडी कितीही देखणी दिसली तरी, रस्त्यावर महाग पडते. ‘रिअर-सेट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या जोडणीत तरफेचे शास्त्र इतके उघडपणे पाहावयास मिळते की, ज्याला मोटारसायकलीची गोडी नाही त्यानेही तिची हकीकत जाणून घ्यावी.

या तऱ्हेचा उगम शर्यतीत आहे. आयल ऑफ मॅन बेटावरील टीटी शर्यतीच्या ३७.७३ मैलांच्या डोंगरी मार्गावर वारा कापीत जाणारा स्वार टाकीवर आडवा होई, आणि त्या बैठकीस पाय मागे असणे प्राप्तच होते. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमधील तरुणांनी तीच बैठक रोजच्या रस्त्यावर आणली; लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रस्त्यावर १९३८ साली उघडलेले एस कॅफे हा त्यांचा अड्डा होता, आणि नॉर्टनच्या ‘फेदरबेड’ चौकटीत ट्रायम्फचे इंजिन बसवून सिद्ध केलेली ‘ट्रायटन’ हे त्यांच्या कारागिरीचे निशाण होते. या हौसेची दखल घेऊन रॉयल एनफील्डने साठच्या दशकाच्या मध्यास आपली २५० सीसीची काँटिनेंटल जीटी त्याच थाटात बाजारात आणली.

पाय मागे का न्यावयाचे, याचे उत्तर प्रथम हवेत शोधावे लागते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यावर मात करण्यास लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात. म्हणजे वेग दुप्पट करावयाचा तर त्या कामी शक्ती आठपट हवी. साहजिकच, जुन्या इंजिनाची ताकद वाढवण्यापेक्षा स्वाराने अंग चोरून बसणे स्वस्त पडते. परंतु हँडल खाली गेले आणि पाय मात्र जुन्या जागी पुढेच राहिले, तर पुढे झुकलेल्या धडाचा भार पायांवर न येता मनगटांवर येतो. पाय शरीराच्या गुरुत्वमध्याखाली आले म्हणजेच हात मोकळे होऊन सुकाणूचे काम करू लागतात. हँडल जुनेच उंच ठेवून केवळ पाय मागे नेणाऱ्यास मात्र आखडलेल्या गुडघ्यांखेरीज फारसे काही लाभत नाही.

दुसरे उत्तर वळणावर मिळते. ४० मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या दुचाकीस सुमारे ३५ अंश कलावे लागते. मूळ फूटरेस्टचे टोक मध्यरेषेपासून ३८ सेंटिमीटर बाहेर आणि जमिनीपासून २८ सेंटिमीटर उंच आहे असे धरले, तर स्थूल हिशेबाने ते सुमारे ३६ अंशांवर रस्त्यास टेकेल. आणि वळणात शॉकअप दबून गाडी खाली बसते, हे लक्षात घेता तेवढी सवडही उरत नाही. तेच टोक ३६ सेंटिमीटर उंच आणि ३४ सेंटिमीटर बाहेर आणले की ही मर्यादा सुमारे ४७ अंशांवर जाते. अर्थात त्यापूर्वी सायलेन्सर किंवा स्टँड टेकत नाही ना, आणि जुन्या घडणीचे टायर तेवढी पकड देतात का, याची खातरजमा वेगळी करावी लागते.

आपल्याकडे हे काम बहुधा मद्रासेत १९५५ पासून तयार होऊ लागलेल्या बुलेटवर चालते. कोल्हापुरातील एका गॅरेजात अशीच एक जुनी बुलेट मी जवळून पाहिली: गिअर उजव्या पायाशी, ब्रेक डाव्या, पहिला गिअर वर आणि उरलेले तीन खाली. गिअरचा दांडा उलटा फिरवून मागे तोंड करून बसवणे हा सोपा मार्ग होता. पण त्याने गिअरचा क्रमच उलटा झाला असता, आणि ऐन प्रसंगी पाय विचाराने नव्हे तर सवयीने चालतो. म्हणून तिथल्या मिस्त्रींनी मध्ये एक रॉड घातला आणि त्याच्या दोन्ही टोकांचे हात एकाच दिशेला ठेवले, त्यामुळे मूळ क्रम कायम राहिला. रॉडच्या एका टोकास सुलटे आटे, दुसऱ्यास उलटे. त्यामुळे सांधे न सोडता नुसता रॉड फिरवला की लांबी कमीजास्त होते, आणि चेकनट आवळले की ती पक्की होते. पहिल्या फेरीत वरचा गिअर नीट पडे, खालचा अडे. हात आणि रॉड यांत काटकोन नव्हता, त्यामुळे पायाची हालचाल एका बाजूस पुरी पोहोचे आणि दुसऱ्या बाजूस अपुरी. हात एक दाता सरकवून बसवताच दोष गेला. उजवा फूटरेस्ट किकच्या वाटेत येत होता, म्हणून तो दुमडणारा घेतला. चौकटीस मात्र एकही नवे भोक पाडले नाही. जुने सामान परत चढवण्याची मुभा राखून ठेवणे हा जुन्या गाडीचा मान आहे.

खरी कसोटी ब्रेकची. पेडलची लांबी २५ सेंटिमीटर आणि ब्रेकचा रॉड टेकूपासून ५ सेंटिमीटरवर असेल, तर २० किलोचा दाब १०० किलो होऊन पोहोचतो. आखूड नव्या पेडलवर हीच मापे १२ आणि ४ झाली, तर तोच दाब ६० किलोच भरतो. शिवाय मागचे चाक ते धरणाऱ्या चिमट्याच्या (स्विंगआर्मच्या) खिळीभोवती वरखाली होते, तर ब्रेकचा रॉड पेडलवरील आपल्या सांध्याभोवती. ही दोन केंद्रे जितकी दूर, तितका खड्ड्यागणिक रॉड ओढला जाण्याचा किंवा सैल पडण्याचा धोका अधिक.

मिस्त्रींनी शॉकअप काढले, एका हाताने चाक फिरते ठेवले आणि चिमटा हळूहळू वर उचलला. निम्म्या वाटेवर लायनर ड्रमला घासल्याचा बारीक आवाज आला आणि कोणी पेडलला पाय लावला नसताना चाक थांबले. ब्रेकचा नट सैल करून तो आवाज घालवता आला असता. पण मग स्वार हलका असताना पेडल पोकळ गेले असते. पट्टीत पेडलच्या टेकूसाठी तीन भोके होती. त्यांनी टेकू मागच्या भोकातून काढून सर्वांत पुढच्या भोकात, चिमट्याच्या खिळीजवळ घातला, रॉड त्या मानाने जुळवून घेतला, आणि पुन्हा चिमटा उचलला. वीतभर मागे नेलेल्या पायासाठी टेकू दोन बोटे पुढे आला होता, आणि चाक आता तळापासून माथ्यापर्यंत मोकळे फिरत होते.