घरासाठी ऑनलाइन कॅमेरा घेताय? आधी हे तपासा

दिवसभर आपण दुकानात आणि घराला कुलूप. मग सेलमध्ये स्वस्त कॅमेरा दिसला की लगेच ऑर्डर! पण थांबा. आधी एकच प्रश्न विचारा: चोरी झालीच, तर रेकॉर्डिंग माझ्या हातात राहील का?

१. कार्ड की क्लाउड? रेकॉर्डिंग फक्त मेमरी कार्डवर असेल आणि चोराने कॅमेराच उचलला, तर पुरावाही गेला. क्लाउड घेणार असाल, तर त्याचे वर्षाचे पैसे किमतीत धरा.

२. किती दिवसांचं? १ एमबीपीएसने सलग रेकॉर्डिंग केलं, तर दिवसाला सुमारे ११ जीबी लागतात. म्हणजे ६४ जीबीचं कार्ड जेमतेम ५-६ दिवस. मग जुनं पुसलं जातं. १० दिवस गावाला जाताय? हिशोब करा.

३. लाइट गेली तर? राउटरही बंद पडतो. दोघांनाही बॅकअप हवा.

४. सुरक्षा: एप्रिल २०२५ पासून भारतात सीसीटीव्हीसाठी सुरक्षा चाचणी सक्तीची आहे. मॉडेलची बीआयएस नोंदणी बघा. बसवल्याबरोबर पासवर्ड बदला.

आणि हो, रिटर्नची मुदत संपायच्या आत एकदा रात्रीच्या अंधारात चेहरा ओळखू येतो का, ते बघाच. नाही आला, तर सरळ परत करा!