आंदणातली मुंबई किती आणि कुठवर?

इंग्लंडच्या राजाला मुंबई आंदण मिळाली, हे वाक्य आपण सर्वांनी शाळेत पाठ केलेले आहे. आंदण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे भांडीकुंडी, दागिने, फार तर एखादी गाय येते. येथे माणसांसकट बेट गेले, आणि त्या माणसांना कोणी एका शब्दाने विचारले नाही. बरे, ते बेट म्हणजे नेमके काय, हे तरी तहात लिहावे की नाही? तेही लिहिले नव्हते.

तह झाला २३ जून १६६१ रोजी. पोर्तुगाल १६४० मध्ये स्पेनच्या अंमलातून बाहेर पडला होता, पण धास्ती गेली नव्हती. पूर्वेकडे डच एकेक ठाणे घेत चालले होते. १६५८ मध्ये सिलोनही गेले. तेव्हा राजकन्या कॅथरिन, वीस लाख क्रुझादो, आफ्रिकेतील टँजिअर आणि मुंबई एवढे देऊन लिस्बनने दुसऱ्या चार्ल्सचे पाठबळ विकतच घेतले म्हणाना. तहातले शब्द होते मुंबईचे बंदर व बेट आणि त्यास लागून असलेला मुलूख. लागून म्हणजे कुठवर?

सप्टेंबर १६६२ मध्ये इंग्रजी जहाजे येऊन उभी राहिली. त्यांच्या मते साष्टी आणि ठाणेही यातच आले. पोर्तुगीज व्हाइसरॉय मेलो द कास्त्रो म्हणाला, साष्टीचे नाव नको, आणि मुंबईही तूर्त मिळायची नाही; तुमचे कागद रीतसर नाहीत! (हे उत्तर कचेऱ्यांतून आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकले असेल.) नियोजित गव्हर्नर सर अब्राहम शिपमन याच्याबरोबर सुमारे चारशे शिपाई होते. सुरतेस उतरावे, तर मोगल बिघडतील म्हणून कंपनीच्या वखारीने नकार दिला. शेवटी ते कारवारजवळच्या अंजदीव बेटावर जाऊन राहिले आणि तापाने मरू लागले. एप्रिल १६६४ मध्ये शिपमनही गेला. १८ फेब्रुवारी १६६५ रोजी त्याचा चिटणीस हंफ्री कुक याने मुंबईचा ताबा घेतला, तेव्हा शिपाई उरले होते जेमतेम शंभर. एका मोघम शब्दाची ही किंमत, आणि ती तह लिहिणाऱ्यांनी मोजली नाही.

कुकने ताबा घेतला तो माहीम सोडून देण्याच्या कराराने. पण लगेच त्याने माहीमही घेतले. युक्तिवाद असा, की ओहोटीला मुंबईतून माहीमला पायी जाता येते, म्हणजे बेट एकच! व्हाइसरॉयने राजाला कळवले, की हा न्याय मानला तर साष्टीच काय, वसईदेखील त्यांची होईल. मला तर या भांडणात त्याचेच म्हणणे जास्त सरळ वाटते.

चार्ल्सला हे बेट परवडेना. २७ मार्च १६६८ रोजी त्याने ते सालिना दहा पौंड खंडाने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकले. साष्टी मात्र पोर्तुगिजांकडेच राहिली. १७३७ मध्ये ती चिमाजी आप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी जिंकली. इंग्रजांच्या हाती ती पडली १७७४ मध्ये, तीही लढून.