चिचगडहून एका दिवसात नवेगावबांध

देवरी-चिचगडकडे येणाऱ्या निवृत्त मंडळींना आम्ही दोघं एकच सांगतो: एक दिवस नवेगावबांधला द्या, आणि पहाटेच निघा. हिवाळ्यात तर नक्कीच, कारण तेव्हा तिथल्या तलावावर स्थलांतरित पक्षी असतात.

हा तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असं मानतात. कोहळी समाजाचं पाणी अडवण्याचं, जिरवण्याचं, धानाला पोचवण्याचं ज्ञान पूर्व विदर्भातल्या तलावांत आजही दिसतं. भोवतालच्या सात टेकड्या म्हणजे ‘सात बहिणी’. त्यांनीच बांध घालायला हात लावला, अशी आख्यायिका आहे. तलाव बांधणाऱ्या माणसाला लोकांनी देव केलं. एका टेकडीवर त्याचंच, म्हणजे कोलासूर देवाचं, ठाणं आहे. राजांचे किल्ले सगळेच बघतात हो, पण शेतकऱ्यांनी उभारलेला हा वारसा मला त्याहून मोठा वाटतो.

१९७५ मध्ये इथे राष्ट्रीय उद्यान झालं, २०१३ मध्ये ते नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात आलं. मारुती चितमपल्ली यांनी वनाधिकारी म्हणून इथे बरीच वर्षं काढली. त्यांचं ‘नवेगावबांधचे दिवस’ आधी वाचून या, पाखरं ओळखीची वाटतील.

वेळ उरला तर गोठणगावकडे वळा. गाढवी नदीवरचं इटियाडोह धरण आणि १९७२ पासूनची तिबेटी वसाहत तिकडेच आहे. गुडघे दुखत असतील तर टेकडी सोडा. काठावरून दुर्बिणीतूनही भरपूर दिसतं. पाणी आणि डबा मात्र घरूनच घ्या.