टांकसाळीची चूक की कुणाची करामत?

बाबांच्या कपाटात बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. त्यात दोन रुपयांचं अकरा कोनांचं एक नाणं कागदात गुंडाळून ठेवलेलं. एका बाजूला सिंह, दुसऱ्या बाजूलाही सिंहच, पण खोलगट आणि आरशात दिसावेत तसे उलटे. नाण्यांच्या बाजारात याला 'लाखी' म्हणतात. बाबांनी ते कधीतरी रविवारच्या बाजारात तीन हजारांना घेतलं होतं. गेल्या महिन्यात गच्चीच्या दुरुस्तीचा खर्च निघाला, तेव्हा म्हणाले, "ते नाणं विकू या का?"

मी आधी भिंग मागवलं. आमच्या कामात बग सापडला की पहिला प्रश्न हाच असतो: बिघाड मुळातला, की नंतर कोणी केलेला?

खरं लाखी असं तयार होतं: छापलेलं नाणं ठशाला चिकटून राहतं आणि पुढची कोरी चकती त्याच्यावरच दाबली जाते. तिच्या एका बाजूला उलटा, खोल छाप उमटतो. दुसरी बाजू मात्र खऱ्या ठशाची, म्हणून नेहमीसारखी ठसठशीत. बाबांच्या नाण्याची नेमकी तीच बाजू चेपलेली होती. शिवाय उलट्या सिंहांच्या आड भारताचा नकाशा पुसट दिसत होता. म्हणजे तयार नाण्यावर दुसरं नाणं ठेवून कोणीतरी व्हाइसमध्ये आवळलं होतं.

हे सांगायला मला दोन दिवस लागले. बाबा एवढंच म्हणाले, "भिंग दे इकडे."

बराच वेळ पाहिल्यावर त्यांनी डब्याच्या तळातून १९९२ च्या घडणीचा एक रुपया काढला. कडेला चंद्रकोरीसारखा तुकडा गायब. "दुधाच्या सुट्ट्यात आला होता. कोणी घेईना, म्हणून पडून आहे."

मीही कानशीने घासलेला समजलो. वजन ४.८५ ग्रॅमपेक्षा कमी भरलं, पण त्यावरून काही ठरत नाही. घासलेलंही कमीच भरणार. पुरावा समोरच्या कडेला होता. पत्र्यातून चकती कापताना शेजारच्या भोकाचा भाग तिच्यात आला, तर ती अर्धवट निघते. मग कड उचलताना त्या खाचेपाशी दाब बसत नाही आणि बरोबर समोरची कडही नीट उठत नाही. इथे ती पुसट होती, आणि खाचेजवळची अक्षरं तिच्याकडे ओढल्यासारखी पसरली होती. कानशीने हे साधत नाही. वर्षाखाली तारा, म्हणजे आपल्या हैदराबादच्याच टांकसाळीचा.

गच्चीच्या खर्चाला तो पुरणार नाही. जुन्या नाण्याला लाखो देतो म्हणणाऱ्या जाहिराती तर फसव्याच. रिझर्व्ह बँकेनेही २०२१ मध्ये तसं बजावलं होतं.

बाबांनी लाखीचा कागद सोडवला आणि त्यात तो रुपया गुंडाळला.